मोरीवरचा अळू

जुन्या जालन्यातल्या त्या घरात इंद्रायणी एकटीच राहते, असं सगळी गल्ली सांगायची. नवरा निजामाविरुद्धच्या चळवळीत, वर्षभर फरार. आज त्याच्या शोधात जमादार आला. माळा, कणगी, न्हाणी, सगळं उपसून झालं. हाती काही लागलं नाही. जाता जाता तो परसात मोरीच्या पाण्यावर माजलेल्या अळूपाशी थबकला.

"बाई, एकट्याच राह्यता ना?"

"बिलकुल एकटी, जमादारसाहेब."

त्यानं शिपायांना बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणला. "भर चैतात एकटीच्या अंघोळीच्या पाण्यावर एवढा अळू पोसत न्हाई. निम्मा आजच कापून काढा. उद्या येणारा जमादारबी माझ्यासारखा कुणब्याचाच हाय."