लाखेची चार सीलं

नागसेन हवालदारांनी प्रयोगशाळेचं पत्र पुन्हा वाचलं. खून झालेल्या मुलीच्या ओढणीला मारेकऱ्याचं रक्त लागलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच ती ओली ओढणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, थेंबही वाया जाऊ नये म्हणून वर लाखेची चार सीलं लावली होती. यंदा डीएनए तपासणीचा कायदा आला, रक्त घ्यायला डॉक्टर तुरुंगात गेले, तेव्हा आरोपी संगमेशनं स्वतःच बाही सरकवली होती, "घ्या की, लागंल तेवढं! म्या केलंच न्हाय." पत्रात होतं: ओढणी सावलीत वाळवून कागदात ठेवायला हवी होती, प्लॅस्टिकमध्ये ती कुजली, जुळवायला काहीच उरलं नाही. बाहेर बाकावरून संगमेशची आई, बसव्वा, लगबगीनं उठली. "कागद आला न्हवं, सायेब? पोरगं म्हणतंय, हवालदारांनी वढणी जिवापाड जपलीया, सुटतोय आता मी. त्याची घरची कापडं कवा आणू?"