खिशातला फ्यूज

उद्या घराचा ताबा द्यायचा, म्हणून ठेकेदार दादाने रंगारी, फरशीवाला आणि वायरमन असलेला धाकटा भाऊ, सगळ्यांना एकदमच कामाला जुंपलं होतं. एवढी गर्दी बघून धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने मेन फ्यूज काढून खिशात घातला आणि मगच शिडी चढला.

"अरे, माझं मशीन बंद पडलं की," फरशीवाला खालून कुरकुरला.

"फ्यूज माझ्याकडे आहे. मी उतरेपर्यंत दम धर."

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने पुन्हा खिसा चाचपला. फ्यूज होता. मग कुठे त्याने सोललेल्या तारेकडे हात नेला, आणि खाली मशीन घरघरलं.

"चालव तू," दादा फरशीवाल्याला सांगत होता. "तो काय लवकर उतरायचा नाही. फ्यूजच्या जागी मी तार गुंडाळलीय."