सतरा नंबरची ओळ

"सर, आजच्या हजेरीत सोळानंतर एकदम अठरा कसा?" ओवीने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ज्याची नोंद नाही त्याची ओळ संगणकाला विचारलेली क्वेरी दाखवत नाही, बाळा. आधी एक ते चाळीस आकड्यांची यादी कर, तिला हजेरी जोड. नोंद नसेल तिथे शून्य येईल."

सतरा नंबर केतकीचा, ओवीच्या मैत्रिणीचा. मे महिन्यात ती नदीत बुडाली. तिचा नंबर मी कुणालाच दिला नव्हता.

ओवीने क्वेरी चालवली. सतरापुढे शून्य उमटलं.

"निदान तिची ओळ तरी आली, सर."

तेवढ्यात दाराजवळचं हजेरीचं अंगठ्याचं यंत्र वाजलं. दारात कुणीच नव्हतं. यंत्राच्या काचेवर ओला ठसा होता.

ओवीने पुन्हा क्वेरी चालवली. सतरापुढे एक.

मी ओवीशेजारचं रिकामं स्टूल बसण्यापुरतं मागे ओढलं.