तीनची बाटली

मेघा गेल्याचं कळलं तेव्हा लीलाधर बाळाला बाटलीने दूध पाजत होता.

फोन तीनदा वाजला. त्याने उचलला नाही. पाच महिन्यांचं पोर आज पहिल्यांदा बाटली तोंडात धरून होतं. जरा हललो तर सोडून देईल, असं त्याला वाटलं.

आधीच्या तीन बाटल्या कपाटात पडून होत्या. पहिली त्यानेच भुसावळहून आणली होती. दुकानदाराने विचारलं, निपल कोणत्या मापाचं देऊ? दुकानात चार बायका उभ्या होत्या. लाजून तो म्हणाला, मध्यम द्या. घरी बाळाला ठसका लागला.

“मध्यम?” मेघा म्हणाली होती. “चहा प्यायला गेले होते का तुम्ही?”

दुसरीचं निपल कडक निघालं. तिसरीचं बाळ नुसतं चावायचं. मग मेघा स्वतः जळगावला गेली. एकेक निपल अंगठ्याने दाबून पाहिलं आणि रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घेऊन आली. लीलाधरची आई कलाबाई दोंडाईच्याहून नातवासाठी येऊन राहिली होती. तिने विचारलं, बाटल्यांचं दुकान टाकतेस का? आणि वर म्हणाली, “बाटलीवर पडनं का पोर मायले इसरी जास.”

मेघा मुक्ताईनगरजवळच्या एका गावात तलाठी होती. रजा संपून आज तिचा पहिला दिवस होता. सकाळी तिने दूध काढून दोन्ही बाटल्या भरल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या आणि फ्रिजच्या दारावर चिठ्ठी चिकटवली.

अकरा – बाटली.
तीन – बाटली.
उरलं तर टाकून देणे. पुन्हा पाजू नये.
सहा – मी.

कलाबाईला वाचता येत नव्हतं. तिला मेघाने ती दोनदा वाचून दाखवली. कलाबाईने दोन्ही वेळा तोंड फिरवलं.

चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा लीलाधरने तो डाव्या हाताने उचलला. मेघाच्या हाताखालचा, गावचा कोतवाल रुपचंद बोलत होता.

“भाऊ, घरी कोणी आहे का तुमच्याजवळ?”

मग त्याने सांगितलं. हायवे, स्कूटी, डंपर. दवाखान्यात नेलं होतं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बाटलीत दोन बोटं दूध होतं. ते संपेपर्यंत लीलाधरने बाटली काढली नाही. मग उठून त्याने चिठ्ठीवर अकराच्या पुढे बरोबरची खूण केली आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

चार वाजून गेल्यावर तो मेघाला घेऊन परतला. क्वार्टरसमोर माणसं जमली होती. आत बाळ रडत होतं. तीनपासून रडतंय, असं शेजारची दीपमाला म्हणाली. चमच्याने गाईचं दूध दिलं, ते थुंकून टाकलं. फ्रिजमधली बाटली ती काढणार होती, पण कलाबाईने हात धरला.

लीलाधरने फ्रिज उघडला.

“मरेल बाईनं दूध शे ते,” कलाबाई म्हणाली. “लेकरूले नको पाजू.”

“सकाळी काढलंय तिने.”

त्याने गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली धरली. मेघाने दाखवलं होतं तसा मनगटावर एक थेंब टाकून पाहिला. मग बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसला. बाळाने लगेच तोंड लावलं.

बाहेर कुजबुज झाली. बायको दारात पडली आहे आणि हा आत पोराला दूध पाजत बसलाय, असं कोणी तरी म्हणालं. त्याला ते ऐकू आलं. पोर हळूहळू पीत होतं. मेघाने मुद्दाम बारीक भोकाचं निपल निवडलं होतं, म्हणजे छातीशी लागतो तेवढाच वेळ लागेल.

अर्धी बाटली झाली तेव्हा भाऊबंदांतले वडीलधारे पंडितनाना दारात आले.

“ऊठ भाऊ. दिन बुडी राह्यना.”

त्याने पाच मिनिटं मागितली. नाना दारातून हलले नाहीत. मागे विस्तवाचं मडकं तयार होतं. ते त्यालाच धरायचं होतं. बाळ आणि मडकं, दोन्ही धरता येणार नव्हतं.

त्याने बाटली काढली. बाळाचे ओठ तसेच हलत राहिले.

“आई, हे इथंच राहू दे,” त्याने बाटली फ्रिजवर ठेवली. “मी येऊन पाजतो.”

स्मशानातून तो परत आला तेव्हा बायकांनी घर धुऊन काढलं होतं. माठ रिकामा करून पालथा घातला होता. सकाळची भाजी, भात, वरण काहीच उरलं नव्हतं. ओट्यावर दोन्ही बाटल्या उलट्या ठेवल्या होत्या. उकळून, स्वच्छ.

त्याने कलाबाईकडे पाहिलं.

“चिठ्ठीम्हा काय लिहेल व्हतं?” ती हळू म्हणाली. “उरनं ते टाकी देवानं, परत पाजानं नही. दोन दाव वाची दाखाडं व्हतं तिनी माले. एवढा दिन तिनं आयकं नही मी. आज आयकं.”

तिच्या मांडीवर बाळ जागंच होतं. रडत नव्हतं. दाराकडे पाहत होतं.

लीलाधर फ्रिजसमोर जाऊन उभा राहिला. खिशातून पेन काढला. तीनच्या पुढे खूण करावी की नाही, ते त्याला कळेना. त्याने पेन परत ठेवला.

साडेसात झाले होते. सहाचं राहिलं होतं.