बायकांच्या नावाने

आमच्या गावात दर जानेवारीत आमच्या राष्ट्रकवीच्या जयंतीचं जेवण असतं. हॅगिस, म्हणजे मेंढीच्या पोटात भरून शिजवलेला खिमा, कापून झालं, व्हिस्की ओतून झाली, की एका पुरुषाने उठून बायकांची यथेच्छ टिंगल करत त्यांच्या नावाने ग्लास उंचवायचा आणि मग एका बाईने त्याला उत्तर द्यायचं, अशी रीत. गेली अकरा वर्षं टिंगलीचा मान माझा. "डूगल, तुला सुचतं तरी कसं रे?" असं लोक विचारतात आणि मी मिशीतल्या मिशीत हसतो.

भाषण माझी बायको इश्बेल लिहून देते, हे मात्र घराबाहेर कधी गेलेलं नाही.

यंदा उत्तर द्यायला कमिटीने नेमकं तिलाच सांगितलं. माझं धाबंच दणाणलं. "अगं, आधी माझं लिही हं! तुझं काय, आयत्या वेळी बोलशील काहीतरी."

"लिहिते रे बाबा. तुझं कधी अडलंय का?"

त्या संध्याकाळी मी हॉल गाजवला. बायकांच्या बडबडीवर तर लोक एवढे हसले, की म्हाताऱ्या फर्गसची कवळी सूपमध्ये पडायची तेवढी राहिली.

मग इश्बेल उठली. हातात कागदाचा चिटोराही नव्हता. बिचारी आता काय बोलणार, म्हणून मला तिची कीवच आली.

 

"मैत्रिणींनो," ती म्हणाली, "आमची टिंगल करायची, तर तीसुद्धा ह्यांना आम्हालाच लिहून द्यावी लागते!"