विलायतेला निघालेली ठकूबाई

"कलावंताला तहान-भूक नसते," असं विसाजी चितारी डोंगर चढताना सांगत होता. सह्याद्रीच्या कड्यात कोरलेलं बौद्ध मंदिर समोर दिसताच त्याने पाणी मागितलं. सन अठराशे अडुसष्ट. मंदिराचं चित्र काढून विलायतेला धाडायचा साहेबाचा हुकूम होता.

मंदिराची उंची कळावी म्हणून दाराशी एक माणूस काढायचा, ही चिताऱ्याची रीत. विसाजीने पाणी घेऊन आलेल्या ठकूबाईलाच भरल्या घागरीसकट उभं केलं.

"हललीस तर चित्र फुकट. विलायतेला जायचंय ते."

"डोंगर हलंल, मी नाय. सासू म्हणती, मी पाणवठ्यापलीकडं जायची नाय. आता तिच्या नाकावर टिच्चून विलायतेला जातीया."

माश्या बसल्या, मान अवघडली, सावल्या लांबल्या. ठकूबाई खांबासारखी उभी. चितारीच मधूनमधून आळोखेपिळोखे देत होता.

दिवस कलता कलता तिने चित्र पाहिलं. प्रचंड कमान, आणि खाली तांदळाएवढी ती.

"एवढीच?"

"मंदिर मोठं आहे ना."

ठकूबाईने चित्रातल्या त्या तांदळाएवढ्या बाईकडे बोट दाखवलं. "पर जाणार ना विलायतेला?"

"नक्की."

"मग दादा, तिची घागर तेवढी उतरवा. लांबचा पल्ला हाय."