वरच्या खोलीतलं गाणं

रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेल्या नवऱ्याने त्या दुपारी वरच्या खोलीतला कॉम्प्युटर खालच्या जुन्या स्टिरिओला वायरशिवाय जोडला. बायको खाली ऐकायला बसली.

"आवाज फाटतोय का गं?" त्याने वरून विचारलं.

"छे. अगदी समोर बसून गातायत असं वाटतंय."

गाणं संपलं. मग स्पीकरमधून एक बाई हुंदके देत म्हणाली, "अहो, डोळे उघडा ना."

तो आवाज तिचा स्वतःचा होता.

"हे काय लावलंत?"

"कुठे काय? अजून पुढचं गाणं शोधतोय."

"बंद करा ते, आधी बंद करा."

"बरं बाई, केला कॉम्प्युटर बंद."

तिने उठून स्टिरिओची पिनही उपसली. तरी आतून कुणी पुरुष शांतपणे विचारत होता, "कसं झालं हे?"

"हे जिना उतरत होते," तिचाच आवाज सांगू लागला. "मी हाक मारली म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पायरी चुकली."

वर खुर्ची सरकली. "थांब, मीच येऊन बघतो."

तिने त्याला अडवायला तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरलं. त्याची पावलं जिन्यावर वाजू लागली.